मागच्या चाकाचं बेअरिंग आणि सव्वादोनशे वर्षं

गाड्यांच्या इतिहासावर लिहिणारे लोक इंजिनावर लिहितात, डिझाईनवर लिहितात, शर्यतींवर तर हमखास लिहितात. बेअरिंगवर सहसा कोणी लिहीत नाही. वस्तूच अशी आहे की ती नीट चालत असेपर्यंत तिची आठवणही येत नाही. आपल्याकडे बऱ्याच पोरांची तिच्याशी पहिली ओळख होते ती ती बाद झाल्यावरच. गॅरेजमधून जुनी बेअरिंगं मागून आणायची, फळीखाली बसवायची आणि उतारावरून खडखडाट करत गाडा सोडायचा!

आज या बेअरिंगच्या इतिहासाबद्दल लिहितोय. निमित्त आहे एका जुन्या स्पोर्ट्‌स कारचं. मी सध्या कामासाठी ओहायोत असतो. टीममधल्या एकाकडे १९९४ ची माझदा एमएक्स-५ आहे (इथे तिला मियाटा म्हणतात). दोन सीटा, कापडी टप, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. गाडीने वेग घेतला की मागून घूंऽऽ असा आवाज यायचा, आणि डाव्या वळणावर तो वाढायचा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणजे गेलंय ते उजवं मागचं बेअरिंग. एकदा काम काढलंच आहे तर दोन्ही बाजूंची बदलू असं ठरलं आणि मी मदतीला गेलो. मदत म्हणजे मुख्यतः टॉर्च धरणे :)

जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं की बोटांना खरखर जाणवते. नवं फिरवलं तर काहीच जाणवत नाही. या 'काहीच नाही'साठी माणसाला किती वर्षं लागली, ती ही गोष्ट.

तसं बघितलं तर कल्पना फार जुनी आहे. घासण्यापेक्षा गडगडणं सोपं, हे ओंडक्यांवरून दगड ओढणाऱ्यालाही माहीत होतं. इटलीतल्या नेमी तलावाचं पाणी १९२८ नंतर उपसलं तेव्हा रोमन काळातली दोन प्रचंड जहाजं सापडली, आणि त्यांत गोळ्यांवर फिरणाऱ्या गोल मंचाचे अवशेष होते. लिओनार्दो दा विंचीने १४९० च्या दशकात गोळ्यांच्या बेअरिंगची चित्रं काढली आणि गोळ्या एकमेकींना घासू नयेत म्हणून त्या वेगळ्या ठेवण्याचाही विचार केला. पण ती वही माद्रिदच्या ग्रंथालयात हरवली आणि थेट १९६० च्या दशकात सापडली. तोपर्यंत तिचा कोणालाच काही उपयोग झाला नाही.

चाकाच्या बेअरिंगचा कागदोपत्री इतिहास सुरू होतो १७९४ मध्ये. वेल्समधल्या कारमार्दनच्या फिलिप वॉन नावाच्या लोखंड कारखानदाराने घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. आसावर खाच, खाचेत गोळ्या, बाहेरून चाक. आजच्या चाकातही मूळ मांडणी हीच आहे. मग घोडागाड्या लगेच बेअरिंगवर का पळायला लागल्या नाहीत?

कारण गोळ्या!

समजा बेअरिंगमध्ये दहा गोळ्या आहेत आणि त्यातली एक बाकीच्यांपेक्षा केसाच्या अर्ध्या जाडीने मोठी आहे. बाकीच्या नऊ नुसत्या हिंडतील आणि तिचा नंबर आला की भार तिच्या एकटीवर पडेल. ती खाच कुरतडेल, नाहीतर स्वतः फुटेल. (प्रत्येक टीममध्ये अशी एक गोळी असते, पण ते असो.) म्हणजे अडचण गोल वस्तू बनवण्याची नव्हती. शंभर गोल वस्तू एकसारख्या बनवण्याची होती. हाताने एक उत्तम गोळी घडवणारा कारागीर सापडेल. शंभर सारख्या गोळ्या घडवणारा सापडणार नाही.

पैसा आला सायकलींतून. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने १८६९ मध्ये सायकलच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही शर्यत झाली आणि जेम्स मूर नावाच्या इंग्रजाने ती जिंकली. त्याच्या सायकलला बेअरिंगं होती! मग मागणी वाढली, पण गोळ्यांचा प्रश्न तसाच. तो सोडवला १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रिडरिश फिशरने. पोलादाच्या कठीण केलेल्या गोळ्या ढिगाने आणि एकसारख्या घासून काढणारं यंत्र त्याने बनवलं. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वर्ष १८८३ हेच.

पुढचे शोध भराभर आले. सेंट लुईसचा घोडागाड्या बनवणारा हेन्री टिमकेन याला वेगळीच अडचण होती. वळणावर चाकाला आडवा धक्का बसतो आणि साधं बेअरिंग तो सहन करत नाही. त्याने १८९८ मध्ये निमुळत्या रोलरचं पेटंट घेतलं, जे उभा आणि आडवा असे दोन्ही भार घेतं. थोड्याच वर्षांत त्याची कंपनी ओहायोतल्या कँटनला आली. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनियर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचायची, लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं जायची. त्याने १९०७ मध्ये वाकड्या शाफ्टशी जुळवून घेणारं बेअरिंग काढलं आणि त्यातून एसकेएफ कंपनी निघाली. व्होल्वो हे नावही आधी एसकेएफनेच १९१५ मध्ये नोंदवलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी गडगडतो'. त्या नावाने मोटारी निघाल्या १९२७ मध्ये. याच एसकेएफचा कारखाना पुढे आपल्या चिंचवडला उभा राहिला.

बेअरिंगशिवाय काहीच फिरत नाही हे दुसऱ्या महायुद्धात सेनापतींच्याही लक्षात आलं. जर्मनीचा बेअरिंगचा बराचसा कारखाना फिशरच्या श्वाइनफुर्टमध्येच होता. अमेरिकन विमानांनी तिथे १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ ला दिवसाउजेडी हल्ले केले. ऑगस्टच्या मोहिमेत, रेगेन्सबुर्गवरचा हल्ला धरून, ६० बॉम्बफेकी विमानं पडली. ऑक्टोबरमध्ये २९१ निघाली आणि पुन्हा ६० पडली. एकेका विमानात दहा माणसं. जर्मनीने साठे वापरले, कारखाने विखुरले, जमेल तिथे साधी बेअरिंगं घातली, स्वीडनकडूनही माल घेतला. युद्धानंतर अमेरिकेच्याच पाहणीत निष्कर्ष निघाला की या हल्ल्यांचा एकूण युद्ध-उत्पादनावर मोजता येईल असा परिणाम दिसत नाही. इकडे ब्रिटिशही स्वीडनची बेअरिंगं मॉस्किटो विमानांतून गुपचूप आणत होते. त्याच मार्गावर १९४३ मध्ये नील्स बोर हा शास्त्रज्ञ बॉम्ब ठेवायच्या जागेत बसून इंग्लंडला पोचला!

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. गोळ्या एकसारख्या झाल्या, पोलाद सुधारलं, तरी बेअरिंगं मरतातच. दर फेरीला गोळी खाचेवरच्या त्याच जागेला दाबते आणि सोडते. पृष्ठभागाच्या जरा खाली सूक्ष्म तडा सुरू होतो, तो वर येतो आणि एक टवका उडतो. घूंऽऽ आवाज सुरू होतो तो तिथून. पण एकाच दिवशी, एकाच यंत्रावर बनलेल्या शंभर बेअरिंगांपैकी कोणतं कधी जाईल हे सांगता येत नाही. काही लवकर जातात, काही कित्येक पट टिकतात.

एसकेएफच्या आर्विड पाल्मग्रेनने १९२४ पासून यावर काम केलं आणि १९४७ मध्ये गुस्टाफ लुंडबर्गबरोबर ते पूर्ण केलं. त्यांना उपयोगी पडलं स्वीडनच्याच वालोदी वायबुलचं संख्याशास्त्र. त्यांनी बेअरिंगचं आयुष्य सांगण्याची जी रीत रूढ केली ती अशी: 'इतक्या फेऱ्यांपर्यंत शंभरातली नव्वद टिकतील.' म्हणजे दहा त्याआधीच जातील, हे आकड्यातच कबूल केलेलं आहे! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी सरळ कबुली क्वचितच वाचायला मिळते. त्याच गणितातून दुसरं एक सत्य निघतं. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य अर्धं होत नाही, एक अष्टमांश होतं. वळणं जोरात घेणाऱ्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आमच्या गाडीचा हिशोब करून बघू. तिचा मूळ टायर १८५/६० आर १४, म्हणजे घेर साधारण १.८ मीटर. एका किलोमीटरला ५५० फेऱ्या, एक लाख किलोमीटरला साडेपाच कोटी. हातातल्या त्या खरखरीत कड्याकडे मग जरा आदराने बघावंसं वाटतं.

जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ १९६२ च्या एमजीबीच्या पुढच्या चाकात, निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगं असायची आणि त्यांच्यातली ढिलाई मेकॅनिक पातळ पत्र्याच्या शिम घालून जुळवायचा. ग्रीस भरायचं, चाक हलवून बघायचं, पुन्हा शिम बदलायची. एमएक्स-५ च्या मागच्या चाकात दोन रांगांचं बंद बेअरिंग येतं. ग्रीस आत भरलेलं, ढिलाई कारखान्यात ठरलेली. जुळवण्यासारखं काहीच नाही, गेलं की बदला. पूर्वी हात चालायचा, आता नुसते पार्ट बदलतात, अशी तक्रार आपण सगळीकडे ऐकतो. मलाही ती पटायची. प्रत्यक्ष काम बघितल्यावर मत बदललं.

त्या कामात हातच लागतो. गाडी जमिनीवर असतानाच हबचा मोठा नट सैल करायचा, कारण तो २०० न्यूटन-मीटरच्या वर आवळलेला असतो. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे सगळं गंजून एकजीव झालेलं. चाकामागचा सांगाडा सोडवून प्रेसखाली न्यायचा. हब दाबून काढला की बेअरिंगचं अर्धं आतलं कडं हबवर अडकून बाहेर येतं, ते पुलरने ओढायचं. सर्क्लिप काढायची, जुनं बेअरिंग बाहेर, भोक साफ.

आणि मग नवं बसवायचं. इथे सगळं ठरतं. बेअरिंग भोकात दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. नंतर हब आत दाबताना आतल्या कड्याला खालून आधार द्यायचा. उलट केलं तर प्रेसचा सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि प्रत्येक गोळी खाचेत आपला ठसा उमटवते. डोळ्यांना बहुधा काही दिसत नाही. बेअरिंग मात्र त्याच क्षणी जुनं झालेलं असतं. या प्रकाराला ब्रिनेलिंग म्हणतात. योहान ऑगस्ट ब्रिनेल हाही स्वीडिश. पोलादी गोळी धातूवर दाबून पडलेला ठसा मोजायचा, ही त्याने १९०० मध्ये मांडलेली कठीणपणाची चाचणी. प्रयोगशाळेत जी चाचणी, तीच गॅरेजमध्ये नासधूस!

मित्राने योग्य मापाचे सॉकेट शोधण्यात जवळजवळ तास घालवला. मला तेव्हा कंटाळा आला होता. आता कळतं की अख्ख्या कामातला तो सगळ्यात महत्त्वाचा तास होता. फिशरचं यंत्र, टिमकेनचे रोलर, पाल्मग्रेनचं गणित, सगळं त्या खोक्यातून तेलकट कागदात गुंडाळून आलेलं असतं. ते पुढे लाख किलोमीटर चालणार की पहिल्या हजारातच घुमायला लागणार, हे अर्ध्या मिनिटात कोणत्या कड्यावर जोर पडला यावर ठरतं. कौशल्य गेलेलं नाही. ते फक्त एका जागी गोळा झालंय, आणि चूक केली तर ती लगेच दिसत नाही, म्हणून जास्त जपायला लागतं.

लेख लांबला, तेव्हा थांबतो. गाडी वेगात असताना घूंऽऽ आवाज येत असेल आणि वळणावर तो बदलत असेल, तर रेडिओचा आवाज वाढवू नका. चाक उचलून हाताने फिरवून बघा, हलवून बघा. आणि नवं बेअरिंग टाकायला द्याल तेव्हा किंमत विचारायच्या आधी एवढंच विचारा, "भाऊ, दाबताना जोर कुठल्या कड्यावर देणार?" उत्तर चटकन आलं तर गाडी निर्धास्त सोडून या.