सुवर्णपदकाचा निकष : ‘श्यामची आई’ आणि ‘दो बीघा जमीन’

पुरस्कारांचा इतिहास हा बहुधा विजेत्यांच्या यादीच्या रूपात लिहिला जातो. यादी निकाल सांगते. निकालामागील निकष सांगत नाही. एखाद्या कलाकृतीला सन्मान मिळाला की तिच्या शेजारी उभी असलेली, सन्मान न मिळालेली कलाकृती दृष्टीआड होते आणि त्याबरोबर तो निवाडा तपासून पाहण्याची शक्यताही मावळते. मराठी चित्रपटाच्या बाबतीत असे एक उदाहरण अगदी आरंभीच घडले आहे. १९५३ सालच्या चित्रपटांतून आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला अखिल भारतीय पातळीवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ते पहिलेच सुवर्णपदक होते. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ला त्याच वेळी गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र देण्यात आले. पदकाला अधिक पात्र कोणता चित्रपट होता, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांच्या मनात रेंगाळत राहिला आहे. मराठी रसिकाला तो गैरसोयीचा वाटतो आणि मराठीबाहेरच्या चित्रपट-अभ्यासकाला त्याचे उत्तर स्वयंस्पष्ट वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू या दोहोंपैकी कोणाचीही बाजू घेण्याचा नाही. दोन चित्रपटांना वेगळे करणारा निकष कोणता होता आणि तो मराठी वाङ्मयीन संस्कृतीविषयी काय सांगतो, एवढाच शोध येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम नीट मांडला पाहिजे. १९५४च्या मार्चमध्ये पहिले ‘फिल्मफेअर’ पुरस्कार दिले गेले. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक हे दोन्ही सन्मान ‘दो बीघा जमीन’कडे गेले. त्याच वर्षी कान येथील महोत्सवातही या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक लाभले. शासकीय सुवर्णपदकाचा समारंभ त्यानंतर, १९५४च्या ऑक्टोबरमध्ये झाला. मात्र या तीन निकालांची सरळ तुलना करणे युक्त नव्हे. ‘फिल्मफेअर’चा विचार हिंदी चित्रपटांपुरता होता, ‘श्यामची आई’ त्या स्पर्धेत नव्हतीच. दोन्ही चित्रपट एकाच मापाने मोजण्याची संधी फक्त शासनाच्या निवड समितीला मिळाली. म्हणूनच तिच्या निर्णयाला निकषांच्या इतिहासात महत्त्व आहे.

या पुरस्कारांमागील शासकीय भूमिका दुहेरी होती. कलात्मक व तांत्रिक दर्जा आणि शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य अशा दोन्ही अंगांनी उंच असणाऱ्या चित्रपटांना उत्तेजन देणे, हे तिचे स्वरूप. यातील दुसरे अंग त्या काळी किती प्रबळ होते, याची कल्पना नभोवाणीच्या धोरणावरून येते. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत १९५२पासून आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले होते. चित्रपट हे लोकांच्या अभिरुचीला बिघडविणारे माध्यम आहे, त्याला वळण लावले पाहिजे, ही धारणा सत्ताधाऱ्यांत आणि शिक्षितांतही रुजलेली होती. अशा वातावरणात एक चित्रपट आला तो मुळात संस्काराचीच गोष्ट सांगणारा होता. त्याची मूळ संहिता स्वातंत्र्यलढ्यातील एका शिक्षकाने १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली होती. त्या लेखकाचा, साने गुरुजींचा, १९५०मध्ये अंत झाला होता आणि त्याची स्मृती ताजी होती. चित्रपटाने लोकांना वळण लावावे अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांना ‘श्यामची आई’ हा आदर्श नमुना वाटला असल्यास नवल नाही.

येथपर्यंतचे विवेचन शासनाच्या अभिरुचीचे झाले. परंतु ‘एक चित्रपट संस्कारवादी, दुसरा वास्तववादी’ अशी विभागणी करून थांबलो तर दोन्ही संहितांवर अन्याय होतो. कारण बारकाईने पाहिले असता या दोन्ही कथांचे आशयद्रव्य एकच आहे. ते आहे कर्ज.

‘श्यामची आई’च्या वाचकाच्या स्मरणात पोहायला न जाणाऱ्या मुलाला मारणारी आई राहते, तळव्यांना घाण लागू नये म्हणून धडपडणाऱ्या मुलाला मनाच्या स्वच्छतेविषयी सांगणारी आई राहते. त्या आईच्या भोवतीचे घर कोसळत आहे, ही गोष्ट मात्र स्मरणातून निसटते. वाटणीनंतरचे दारिद्र्य, सावकाराचे तगादे, त्याच्या माणसाने केलेली विटंबना, जप्ती आणि या साऱ्यात खंगत गेलेल्या बाईचा मृत्यू, हा त्या पुस्तकाच्या उत्तरार्धाचा कणा आहे. ‘दो बीघा जमीन’मध्येही जमीनदाराचे देणे आहे, वहीत फुगविलेला आकडा आहे, कचेरीचा निकाल आहे आणि पैसे जमविण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शंभू आहे. सचोटीचा संस्कार शंभूच्या घरातही तितकाच कडक आहे. साने गुरुजींच्या श्यामप्रमाणे शंभूच्या मुलाच्या हातूनही चोरी घडते आणि दोन्हीकडे ती पापच ठरते.

भेद पडतो तो सद्गुणाच्या फलश्रुतीत. श्यामच्या जगात घर जाते, पण आईने दिलेले धन उरते. तोच मुलगा पुढे ती कथा सांगतो. सांगणे हीच हानीची भरपाई असते. शंभूच्या जगात सद्गुणाला बाजारात मोल नाही. तो परततो तेव्हा त्याच्या शेतावर गिरणी उभी राहत असते आणि तिथली मूठभर माती उचलण्याचाही त्याला अधिकार उरलेला नसतो. एका कथेत दुःख स्मृतीत रूपांतरित होते, दुसरीत ते तसेच शिल्लक राहते. राष्ट्रउभारणीच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात राज्यसंस्थेला यांपैकी कोणती कथा आपली वाटावी, हे उघड आहे. दुसऱ्या कथेतील गिरणी तर त्या काळाच्या स्वप्नाचेच प्रतीक होती.

यात आणखी एक पदर आहे आणि त्याकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. श्यामचे घराणे खोताचे आहे. शंभू कूळवर्गाच्या जवळचा, हाताने नांगर धरणारा शेतकरी आहे. कोकणातील खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. कूळकायदा १९४८चा आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९चा. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ती व्यवस्था नुकतीच मोडली होती. ‘श्यामची आई’त अस्पृश्यतेविरुद्धची करुणा आहे, ती खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण कर्जाचे दुःख तेथे खोताच्या ओसरीवरून दिसते. त्याच्या कुळांचे दुःख कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. मराठी मध्यमवर्गाला आपले हरवलेले गाव ज्या कोनातून आठवत होते, तोच हा कोन होता. म्हणून सुवर्णपदकाचा आनंद हा केवळ भाषेच्या अभिमानाचा नव्हता; आपल्या आठवणीला राजमान्यता मिळाल्याचाही तो आनंद होता.

हा निष्कर्ष अत्र्यांवर टाकणे मात्र चुकीचे ठरेल. त्यांचा लगेचचा पुढचा चित्रपट ‘महात्मा फुले’ (१९५४) होता. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे धर्म, नोकरशाही आणि सावकारी यांच्या संगनमतात शोधणारा विचारवंत त्यांनी नायक म्हणून निवडला. या चित्रपटाला दुसऱ्या वर्षी मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. अखिल भारतीय सुवर्णपदक ‘मिर्झा गालिब’ला गेले. एकाच दिग्दर्शकाची आई अखिल भारतीय ठरली आणि त्याचे फुले प्रादेशिक ठरले. ‘श्यामची आई’ की ‘दो बीघा जमीन’ या प्रश्नापेक्षा ही जोडी मला अधिक बोलकी वाटते, कारण येथे भाषा, दिग्दर्शक आणि काळ समान आहेत. बदलले आहे ते केवळ दुःखाचे स्पष्टीकरण.

नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरील सातपूरमध्ये बसून हे दोन चित्रपट पाहताना पुस्तकी वाटणारा हा भेद प्रत्यक्षात उतरतो. दादासाहेब फाळक्यांचे जन्मगाव याच रस्त्याच्या टोकाला आहे आणि ज्या शहरात ‘श्यामची आई’ लिहिली गेली त्याचाच सातपूर हा आज भाग आहे. पण सातपूर हे मुळात शेतीचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२मध्ये झाली आणि पुढे येथील शिवारावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखान्यांनी रोजगार दिला, बाहेरगावच्या कुटुंबांना घरे दिली, त्यांच्या मुलांना महाविद्यालयापर्यंत आणले; शंभूच्या गिरणीची ही दुसरी बाजूही नाकारता येत नाही. तरीही अशा वस्तीतील विद्यार्थ्याला आईच्या शिकवणीबरोबर जमिनीचा सातबाराही वाचता आला पाहिजे. साहित्याच्या अध्यापनाने त्याला यांपैकी पहिलीच गोष्ट द्यावी आणि दुसरी अर्थशास्त्राकडे सोपवावी, ही विभागणी १९५४च्या निकषाचाच विस्तार आहे.

निकष पुढे बदलले. तिसऱ्याच वर्षी ‘पथेर पांचाली’ला सुवर्णपदक मिळाले आणि दारिद्र्याच्या चित्रणाला उपदेशाची जोड असलीच पाहिजे, ही अट गळून पडली. मराठीला मात्र पुन्हा सर्वोच्च सन्मान मिळण्यास २००४ साल उजाडावे लागले. तो ‘श्वास’ला मिळाला. त्यानंतर ‘देऊळ’ (विभागून), ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनी तो मिळविला. यांतील ‘कोर्ट’मध्ये शाहीर नारायण कांबळे न्यायालयापुढे उभा आहे आणि त्याला दिलासा देणारी कोणतीही आठवण कथेने पुरविलेली नाही. शंभूच्या कचेरीला मराठी पडद्यावर पोहोचण्यास सहा दशके लागली, असे म्हणता येईल. आणि २०२५मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’च.

हे पुनरागमन केवळ स्मरणरंजन म्हणून निकालात काढू नये. साने गुरुजींची संहिता अजून संपलेली नाही, असा त्याचा अर्थ घेता येतो. १९५४चा निवाडा चुकला की बरोबर होता, हे ठरविण्याने आज फारसे काही साधणार नाही. पण पदकाने त्या संहितेचा अर्धाच भाग उजळला, हे मान्य केले पाहिजे. उरलेला अर्धा भाग सावकाराच्या वहीत आहे. तो वाचावयाचा तर ‘दो बीघा जमीन’ ही ‘श्यामची आई’ची प्रतिस्पर्धी न मानता तिच्यावरील भाष्य मानावी लागेल. तसे केल्यास पदकाने दूर केलेल्या या दोन कथा समीक्षेत तरी एकत्र वाचता येतील.