टाकीखालचा रंग

नागपूरहून हैदराबादकडे जाताना पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद येते आणि त्याच रस्त्याने पुढे निर्मल. लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेले हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आता ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. जुन्या मोटारसायकलीच्या रंगाविषयी लिहिताना निर्मलची आठवण का व्हावी, असे वाचकांना वाटेल. पण या दोहोंना जोडणारा एक रंगाचा डबा आहे.

निर्मलचे नकाश कारागीर हलक्या पोनिकी लाकडाची खेळणी घडवीत. चिंचोक्यांच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधे भरीत आणि रंग वनस्पती व खनिजांपासून घरीच करीत. तिकडे अमेरिकेत मोटारींना दिलेला तेली रंग वाळायला आठवडे लागत. १९२३ मध्ये तेथील ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा, काही तासांत वाळणारा 'ड्यूको' रंग काढला. १९२४ मध्ये ओकलंड मोटारी तो निळा रंग लेवून बाजारात आल्या. मोटारीसाठी जन्मलेला हा ड्यूको पुढे निर्मलच्या कारागिरांनीही आपलासा केला. आज निर्मलची म्हणून जी झळाळी आपण ओळखतो, तीत या कारखानी रंगाचाही वाटा आहे.

आता घरच्या गाडीकडे वळू. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली, तर १९६१ पासून म्हैसूरला जावा तयार होऊ लागली. बुलेटच्या काळ्या टाकीवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा, जावाचा किरमिजी रंग अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. आजोबांची गाडी पूर्ववत करायची असे नातू ठरवतो, तेव्हा रंगारी पहिला प्रश्न विचारतो, "शेड कोणती?" मग घरातला प्रत्येकजण वेगळाच रंग सांगतो.

अशा वेळी आठवणीपेक्षा गाडीची साक्ष खरी. सीटखाली, टाकीच्या तळाशी, बिल्ल्यामागे, टूलबॉक्सच्या झाकणाआड ऊन पोचलेले नसते. तेथे नाण्याएवढी जागा ओल्या बारीक पॉलिश पेपरने हलके घासली, तर थर वर्तुळांसारखे उमटतात. मध्ये पत्रा, भोवती अस्तर, मग कारखान्याचा रंग आणि कडेला नंतरचे हात. ड्यूकोसारखा रंग काळाने पिवळसर पडतो, हेही ध्यानात ठेवावे. नवा नमुना पूर्ण वाळू द्यावा आणि जुन्याशेजारी धरून उन्हात पाहावा, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग अंगणात येताच वेगळे दिसू शकतात. आता रंग मोजणारी यंत्रेही आहेत, पण त्यांनाही मोजायला जुना तुकडा लागतोच.

म्हणूनच सगळी गाडी एकदम पत्र्यापर्यंत खरवडण्याची घाई नको. पुरावा एकदा घासला गेला, की परत मिळत नाही. टाकीखाली तळहाताएवढा तरी जुना रंग तसाच राहू द्यावा.

आणि मधला एखादा थर आजोबांनीच हौसेने चढवलेला निघाला तर? निर्मलच्या खेळण्यावरचा ड्यूको आपण परका मानीत नाही. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा आदिलाबादपासून तुटले, तरी नात्यागोत्यांचे येणेजाणे थांबले नाही. कारखान्याचा रंग हा गाडीचा जन्म सांगतो, नंतरचा थर तिचा आपल्या घरातला संसार. कोणता ठेवायचा हे घराने ठरवावे. मात्र ठरवण्याआधी दोन्ही पाहून घ्यावेत.