गतकुलाची जमीन

जुन्या मराठी दप्तरांत एक लहानसा शब्द वारंवार भेटतो : 'गतकुल'. ज्या घराण्याचा वंश खुंटला, किंवा जे कुटुंब दुष्काळ, स्वारी अथवा कर्ज यांपायी परागंदा झाले आणि ज्याचे गावात कोणी उरले नाही, त्याच्या शेताला गतकुल जमीन म्हणत. शेत तेथेच असे, बांध तेथेच असत. धनी मात्र नसे. अशा शेतावरची सरकारी बाकी कोणी भरावयाची, ते शेजाऱ्याने घ्यावे की न घ्यावे, घेतल्यास कोणत्या अटींवर, आणि पुढे एखादा वारस परत आलाच तर काय, हे प्रश्न आपल्याकडील गावांना पिढ्यान् पिढ्या पडत आले. गाव सोडून दूर प्रांती स्थिरावलेल्या आपणां मंडळींना तर हा इतिहास अधिकच जवळचा आहे. कारण गावाच्या नजरेने पाहिले, तर गतकुल होण्याच्या वाटेवर आपणही आहोत.

पेशवाईतील देशावरचे गाव म्हणजे 'पांढरी' आणि 'काळी'. वस्तीची जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. ही काळी 'थळां'त विभागलेली असे आणि थळांना मूळ घराण्यांची नावे चिकटलेली असत. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार; बाहेरून येऊन ठरावीक मुदतीसाठी जमीन कसणारा तो उपरी. 'मिरास' हा शब्दच मुळी वारसा या अर्थाच्या अरबी शब्दापासून आलेला. एका थळातील भाऊबंदांचा मिळून 'जथा' होई आणि साऱ्याची जबाबदारी त्या जथ्यावर सामाईक असे. जथ्यातील एखादे घर निपुत्रिक गेले, तर त्याचा वाटा उरलेल्या भाऊबंदांत वाटला जाई. परंतु त्या वाट्याबरोबर त्याचा साराही त्यांच्या माथी येई. इंग्रजी अंमलाच्या आरंभी पुण्याजवळच्या लोणी गावाची बारकाईने पाहणी करणारे डॉक्टर थॉमस कोट्स आणि त्यानंतर दख्खनची माहिती गोळा करीत हिंडलेले कर्नल साइक्स, या दोघांनीही ही व्यवस्था नोंदवून ठेवली आहे. घराणे बुडाले तरी त्याच्या थळाचे नाव मागे राहते, हेही साइक्स यांनी टिपले आहे. माणूस गेला, वंश गेला. तरी मातीने नाव सोडले नाही.

सबंध जथाच नाहीसा झाला म्हणजे प्रश्न गावापुढे येई. सरकारची आकारणी साऱ्या गावावर असल्यामुळे एक शेत पडीक राहिले, तर त्याचा भार इतरांच्या डोक्यावर पडे. म्हणून पाटील ते शेत एखाद्या उपऱ्यास लावून देई. जमीन पडीक झाली असल्यास 'इस्ताव्या'चा कौल मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी थोडा सारा आणि पुढे तो वर्षागणिक चढत जाऊन पूर्ण दरास पोचे. जमीन कायमची द्यावयाची झाल्यास मिरासपत्र होई. त्यात शेताची चतुःसीमा लिहीत, किंमत नोंदवीत, कुलकर्णी मजकूर लिही, पाटील आपली नांगराची निशाणी करी आणि गावचे मिरासदार व बलुतेदार साक्षीला असत. घेणाऱ्याने ती मिरास लेकराचे लेकरी अनुभवावी असा वचनाचा भाग त्यात असे. कधीकधी आलेली रक्कम गावावरच्या सरकारी बाकीच्या फेडीसाठीच खर्ची पडे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चतुःसीमा लिहावयाची म्हणजे चारही बाजूंच्या शेतकऱ्यांची नावे पत्रात येणार. त्यामुळे मेलेल्या शेजाऱ्याचे शेत गुपचूप घेणे कोणालाही साधत नसे. घेणाराही शेजारी आणि साक्षीदारही शेजारीच. उद्या तंटा उभा राहिला, तर गोतसभेपुढे याच माणसांनी खरे सांगावयाचे असे आणि त्यांच्या सांगण्यावरून महजर होई.

तंटा उभा राहण्याचे कारणही बहुधा ठरलेले असे : परागंदा झालेल्याचा मुलगा किंवा नातू परत येई. गावाबाहेर राहिल्याने मिरास बुडत नाही, अशी समजूत सर्वत्र दृढ होती. पेशवाईच्या अखेरीनंतर लगेच, १८१९ साली, माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात मिरासदाराच्या या हक्काचे वर्णन आहे. सारा थकला म्हणजे जमीन दुसऱ्यास कसावयास दिली जाई. परंतु मूळ धनी दीर्घ काळानंतर परतला, तरी मागचे देणे चुकवून जमिनीवर हक्क सांगण्याची वाट त्याला मोकळी असे. म्हणजे बाकी हे वारसावरचे ओझे होते, पण त्याच्या हक्काचा अंत नव्हता.

हा अंत करण्याची युक्ती कंपनी सरकारने पेशवाई बुडण्याच्या पाव शतक आधीच बंगालमध्ये काढली होती. १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी तेथे कायमधारा पद्धत सुरू केली. जमीनदाराचा सारा कायमचा ठरला. मात्र ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी हप्ता खजिन्यात पडला नाही, तर जमीनदारी लिलावात निघे. 'सूर्यास्ताचा कायदा' हे त्याचे लोकांनी ठेवलेले नाव. पहिल्या दोन दशकांत राजशाही, नदिया, दिनाजपूर यांसारख्या जुन्या जमीनदाऱ्यांचे तुकडे झाले. बोली लावणाऱ्यांत कलकत्त्याचे धनिक होते, तसेच त्या जमीनदारांच्या पदरचे कारभारीही होते. बाकी केव्हा थकणार हे ज्याला घरात बसून ठाऊक, तोच उद्याचा खरेदीदार! पुढे १८५९ च्या कायद्याने अशा लिलावात घेणाऱ्याला, काही अपवाद सोडता, मागच्या सर्व बोजांपासून मुक्त अशी जमीन मिळू लागली. मद्रास इलाख्यात १८६४ च्या वसुली कायद्याने असेच केले. जुन्या मिरासपत्राने शेताबरोबर त्याचा इतिहासही घेणाऱ्याच्या पदरी बांधला होता. लिलावाच्या दाखल्याने तो इतिहास एका दिवसात पुसला.

मुंबई इलाख्यात ही गोष्ट सावकाश घडली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात पैमाशीची नवी पद्धत रुजविली. शेताला नंबर मिळाला, आकार तीस वर्षांसाठी ठरला आणि जथ्याची सामाईक जबाबदारी जाऊन प्रत्येक खातेदार सरकारला एकटा जबाबदार झाला. गावाच्या डोक्यावरचा भार उतरला हे खरे. परंतु त्याबरोबर शेजाऱ्याच्या बाकीची चिंता करण्याचे कारणही उरले नाही. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने सरकारचे देणे इतर सर्व देण्यांच्या वर ठेवले आणि ते थकल्यास जमीन खालसा करण्याचा अधिकार दिला. दरम्यान सावकाराने निराळीच वाट शोधली होती. खाते कुणब्याच्या नावावर राहू द्यावयाचे, सारा आपण भरावयाचा आणि पीक आपण न्यावयाचे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे जो उद्रेक झाला, त्याच्या मुळाशी या संतापाचाही वाटा होता.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर हजारो खातेदारांच्या बाक्या थकल्या. १९०१ साली सरकारने मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे बिल आणले : खालसा झालेली जमीन पुन्हा द्यावयाची, पण विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क न देता. रयतेला सावकारापासून वाचविण्यासाठी हे आहे, असे सरकारचे म्हणणे होते. रयतेच्या मालकीलाच यामुळे बाध येतो आणि तिची पत बुडते, असे विरोधकांचे. बिल मागे घेतले जात नाही असे दिसताच सर फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृह सोडून बाहेर पडले. सभात्याग ही गोष्ट त्या काळी अपूर्वच होती.

बाकीच्या लिलावाला खरे उत्तर मात्र सत्तावीस वर्षांनी बारडोलीच्या शेतकऱ्यांनी दिले. १९२८ साली वाढीव सारा न भरण्याचा निर्धार करून ते वल्लभभाई पटेलांच्या मागे उभे राहिले. सरकारने जमिनी जप्त केल्या, लिलाव पुकारले. शेजाऱ्याच्या जप्त जमिनीवर बोली लावावयाची नाही, हा त्या लढ्याचा कणा होता. जमिनी विकल्या गेल्या त्या मुख्यत्वे बाहेरच्यांना, आणि कवडीमोलाने. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि त्या जमिनी मूळ धन्यांना परत मिळाल्या. १९३० नंतरच्या कायदेभंगात गेलेल्या जमिनींसाठी तर १९३८ साली, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, स्वतंत्र कायदा करावा लागला. शेजाऱ्याने बोली न लावण्यात केवढे बळ असते, हे बारडोलीने दाखविले.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यात जुन्या गावाचे शहाणपण काही अंशी परत आलेले दिसते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे कोणीच वारस नसेल, तर मालमत्ता सरकारकडे जाते. पण तिच्यावरील देणी व बंधने यांसह जाते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तर गतकुलाचाच नवा अवतार आहे. ज्ञात वारस न ठेवता भोगवटादार वारला, तर जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेऊन एकेका वर्षाच्या मुदतीने कसावयास देऊ शकतात. वारसाने पुढे यावे यासाठी तीन वर्षे ठेवलेली आहेत. लिलावाचा प्रश्न त्यानंतरचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचा तुकडा विकावयाचा तर तो लगतच्या धारकालाच, असा नियम घातला. शेजारी पुन्हा एकदा पत्रात आला.

गावोगाव पसरलेला एक गैरसमज येथे दूर करणे अवश्य आहे. मेलेल्या शेजाऱ्याचा सारा किंवा घरपट्टी वर्षानुवर्षे भरल्याने भरणारा मालक होत नाही. महसुली दप्तरातील नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. ती जमीन खरोखर हवी असेल, तर वारसांचा शोध घ्यावा. ते मुंबईत असोत, कलकत्त्यात असोत वा परदेशात. त्या सर्वांच्या, मुलींच्यासुद्धा, सह्या घ्याव्यात. थकलेली बाकी किमतीत उघडपणे धरावी आणि रीतसर खरेदीखत नोंदवावे. एका भावाची सही घेऊन उरकलेला व्यवहार पुढच्या पिढीच्या गळ्यात खटला बांधून जातो.

परंतु शेजाऱ्याला उपदेश करण्याआधी आपण आपल्या घराकडे पाहिलेले बरे. या स्मरणिकेच्या वाचकांत अशी घरे थोडी नसतील, की ज्यांच्या आजोबांचे नाव आजही सातबाऱ्यावर आहे. आजोबा जाऊन चाळीस वर्षे लोटली, वारसनोंद झालेली नाही, शेतसारा कोणी भरतो की नाही ठाऊक नाही. महाराष्ट्रातील कायद्याप्रमाणे वारसाने आलेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यावयाची असते. सातबारा आता घरबसल्या संगणकावर पाहता येतो. म्हणजे दूर असण्याची जुनी सबब फारशी उरलेली नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि एक अर्ज, एवढ्याने आरंभ होतो. शेताची रक्कम कदाचित रेल्वेच्या भाड्याइतकीही नसेल. तरीही महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यास सर्वसाधारणपणे शेतकरी असावे लागते, हे विसरू नये. एकदा पुसलेले नाव पुन्हा लावणे सोपे नसते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी आपले मंडळ स्थापिले, त्यांनी परक्या मातीत एक नवे थळ वहिवाटीस आणले, असे म्हणण्यास हरकत नाही. त्या थळाला त्यांचे नाव राहील. मात्र ज्या काळीतून ते आले, तेथील शेजारी अजून बांधावर उभा आहे. जमीन ठेवावयाची असेल, तर बाकी भरून नाव लावावे; द्यावयाची असेल, तर आपण हयात असताना, आपल्या हाताने, त्यालाच द्यावी.