सरदारांची जोडलेली वंशावळ

नागपुरातल्या धंतोलीच्या रामकृष्ण मठाने विवेकानंदांना मराठी घराघरांत पोचवलं. तेच विवेकानंद संन्यास घेण्याआधी, १८८४ साली, कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये फ्रीमेसन झाले होते, एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. फ्रीमेसन म्हणजे बंद दारं, खुणेचे हात, गुप्त मंडळ. उत्तरेत त्यांच्या वास्तूला ‘जादूघर’ म्हणत; किपलिंगच्या ‘किम’मध्ये तो शब्द आलाय. मग कुणीतरी ‘द दा विंची कोड’ काढतो आणि गप्पा स्कॉटलंडच्या रॉसलिन चॅपेलवर जातात: क्रुसेड लढलेले टेम्पलर सरदार म्हणे तिथे दडले आणि पुढे तेच फ्रीमेसन झाले.

तारखाच जुळत नाहीत. फ्रान्सच्या राजाने टेम्पलरांची धरपकड केली १३०७ मध्ये, पोपने पंथ मोडीत काढला १३१२ मध्ये, आणि चॅपेलचा पाया पडला १४४६ मध्ये. शिवाय ते बांधणाऱ्या सिंक्लेअर घराण्यातल्या दोघांनी १३०९ च्या चौकशीत टेम्पलरांविरुद्ध साक्ष दिलेली. आसरा देणाऱ्यांची ही रीत नव्हे! खरा धागा एवढाच, की १७३६ मध्ये स्कॉटलंडची ग्रँड लॉज निघाली तेव्हा तिचा पहिला ग्रँड मास्टर याच घराण्यातला विल्यम होता.

मग सरदार आले कुठून? अठराव्या शतकात फ्रान्स-जर्मनीतल्या मेसनांना खानदानी पूर्वजांची हौस लागली, तिथून. त्या कथेला खतपाणी घालणाऱ्यांत एक निघतो आपल्या मुंबई इलाख्यातला. जेम्स बर्न्स, कंपनी सरकारचा डॉक्टर. भूजला नोकरी, सिंधच्या अमिरांवर उपचार केलेला. रजेवर मायदेशी असताना त्याने १८३७ मध्ये टेम्पलरांचा इतिहास लिहिला आणि मध्ययुगातले सरदार व आपल्या काळचे स्कॉटिश ‘टेम्पलर’ मेसन यांची वंशावळ जोडून दिली. परतला तो पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनांचा प्रमुख म्हणून.

इतिहासकार म्हणून तो कच्चा, पण माणूस मला आवडतो. मुंबईच्या गोऱ्या लॉजने दार लावून घेतल्यावर माणकजी खरसेदजी हे पारशी गृहस्थ पॅरिसला जाऊन मेसन झाले होते. बर्न्सने १८४३ मध्ये हिंदी लोकांना घेणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज काढली, माणकजी तिच्यात आले. पण टेम्पलर व्हायचं तर ख्रिस्तीच असावं लागे. त्यावर बर्न्सने १८४५ मध्ये या पारशी-मुसलमान बंधूंसाठी ‘ऑलिव्ह ब्रँच’ नावाचा सरदारी पंथच नवा रचला.