आठ सेकंद आणि पुढचे चाक

२३ जुलै १९८९. टूर द फ्रान्सचा अखेरचा टप्पा: व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर, प्रत्येक स्वार एकटा, घड्याळाशी झुंजणारा. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड एवढ्याशा अंतरात ही तूट भरून काढील, असे फार थोड्यांना वाटत होते.

फिन्योंने पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क, म्हणजे स्पोक नसलेली तबकडीसारखी चाके लावली. लेमाँडने डिस्क फक्त मागे ठेवली. पुढे स्पोकचेच चाक.

स्पोक फिरताना हवा घुसळतात, त्यात शक्ती वाया जाते. डिस्क ती वाचवते. मात्र वारा बाजूने आला की हीच तबकडी शिडासारखी वागते. मागच्या चाकावर स्वाराचा अधिक भार असतो, शिवाय ते वळत नाही. तिथे धक्का पचतो. पुढचे चाक हँडलला जोडलेले. झोत आला की ते भलतीकडे वळू पाहते, आणि स्वाराला तोल सावरत बसावे लागते. फ्रान्चेस्को मोझेरने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत दोन्ही डिस्कवर तासाभरात ५१.१५१ किलोमीटर कापले होते खरे. पण तो व्हेलोड्रोम होता, रस्ता नव्हे.

लेमाँड टप्प्यात ५८ सेकंदांनी सरस ठरला आणि ३,२०० हून अधिक किलोमीटरची शर्यत ८ सेकंदांनी त्याची झाली. श्रेय बहुधा त्याच्या लांब एरो हँडलबारला दिले जाते, ते रास्तच. फिन्योंला सीटवर घासून झालेली जखमही छळत होती. चाकाचा वाटा यातून नेमका वेगळा काढता येत नाही. हवाईतील कोना येथील आयर्नमन स्पर्धेने मात्र आडव्या वाऱ्यापुढे जोखीमच पत्करली नाही: तिथे वर्षानुवर्षे मागच्या डिस्कलाही मनाई राहिली.