परिचारिकांचे स्वयंअध्ययन : संसर्गजन्य रोग (दक्षिण आफ्रिका)

नोकरी करता करता, वॉर्डातली पाळी न मोडता, नेमलेल्या पुस्तकावरून परिचारिकांनी संसर्गजन्य रोगांविषयी शिकण्याची पद्धत. दक्षिण आफ्रिकेत ती विशेष रुजली. केप टाउनचे नवजात शिशुतज्ज्ञ डेव्हिड वुड्स आणि प्रसूतितज्ज्ञ गेरहार्ड थेरॉन यांच्या पुढाकारातून आलेला ‘पेरिनेटल एज्युकेशन प्रोग्रॅम’ (प्रसूतीच्या आसपासची माता व नवजात यांची काळजी शिकवणारा कार्यक्रम) १९९०च्या दशकात वापरात आला. दूरच्या रुग्णालयांत परिचारिका मोजक्याच. त्यांतली एक प्रशिक्षणासाठी शहरात गेली की तिचे काम उरलेल्यांवर पडते. ही अडचण ओळखूनच पुस्तके लिहिली गेली. पुढे ‘बेटरकेअर’ मालिकेत एचआयव्ही, बालकांचा क्षयरोग आणि संसर्गनियंत्रण हे विषयही आले. ही पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

प्रकरणाआधी बहुपर्यायी चाचणी, मग क्रमांक दिलेले छोटे प्रश्न व त्यांची थोडक्यात उत्तरे, त्यानंतर रुग्णांची उदाहरणे आणि शेवटी पुन्हा चाचणी, अशी मांडणी असते. उत्तर झाकून आधी स्वतः विचार करता येतो, हे या मांडणीचे खरे बळ. सहकारी गटाने बसून उदाहरणांवर चर्चा करू शकतात. त्यासाठी बाहेरून व्याख्याता बोलवावा लागत नाही.

अशा शिक्षणाची निकड किती होती, हे क्वाझुलू-नाताल प्रांतातील टुगेला फेरी येथे दिसले. तेथे अतिप्रतिरोधी, म्हणजे बहुतेक प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या, क्षयरोगाचे ५३ रुग्ण आढळले व त्यांतील ५२ दगावले. हा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची एचआयव्ही चाचणी झाली होती, ते सर्व बाधित निघाले. अनेकजण त्याआधी रुग्णालयात राहून गेलेले होते आणि मृतांत आरोग्य कर्मचारीही होते. म्हणजे रोग रुग्णालयाच्या आतही पसरत होता. अशा वॉर्डात खोकणाऱ्या रुग्णाला वेगळे ठेवणे, खिडक्या उघड्या ठेवणे, रुग्णाला साधा मास्क आणि परिचारिकेला बारीक कण अडवणारा एन-९५ मास्क देणे, या गोष्टींमागचे कारण नर्सला नीट उमगलेले असावे लागते. क्षयाचे जंतू बारीक कणांवर हवेत तरंगत राहतात, हे समजले की खिडकी उघडण्याची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही.

थेरॉन यांच्या १९९९ सालच्या अभ्यासात, ईस्टर्न केपमधील प्रसविकांचे ज्ञान पेरिनेटल कार्यक्रमाच्या पुस्तकामुळे वाढल्याचे दिसले. मात्र ज्ञान वाढले म्हणून हाताची सवय बदलतेच असे नाही. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला की नाही, हे जाणत्या सिस्टरने शेजारी उभे राहून दाखवावे. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये, हा नियम पाठ असला तरी सुई टाकायचा डबा हाताशी नसेल तर तो मोडतोच. सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचे असते. एचआयव्हीप्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. त्यामुळे रात्रपाळीतही ती औषधे मिळतील अशी सोय वॉर्डात असावी लागते.