पेनिकीज बेटावरील शाळा

निसर्गशास्त्र पुस्तकांतून शिकवावें कीं प्रत्यक्ष निसर्गांतून, हा वाद जुना आहे. त्याचा विचार करणाऱ्यानें अमेरिकेंतील एका चिमुकल्या बेटाचा इतिहास अवश्य पाहावा.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत, बझर्ड्स उपसागरांत, सुमारें ७५ एकरांचें पेनिकीज बेट आहे. न्यूयॉर्कचे व्यापारी जॉन अँडरसन यांनीं १८७३ सालीं हें बेट व ५०,००० डॉलर हार्वर्डचे प्राध्यापक लुई आगासी यांस शाळेकरितां दिले. त्याच जुलैंत सुमारें ५० विद्यार्थी तेथें जमले. बहुतेक स्वतःच शिक्षक होते. त्यांत स्त्रियाही होत्या, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. किनाऱ्यावरील जीव गोळा करावे, जिवंत असतांच न्याहाळावे, मग चिरून पाहावे, हाच तेथील पाठ. पुस्तकानें निसर्गाची जागा घेऊं नये, हें आगासींचें सूत्र होतें.

आगासींनीं डार्विनचा उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत मान्य केला नाहीं. जीवजाति ईश्वरनिर्मित व अचल आहेत, असें त्यांचें मत. परंतु स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकलेला शिष्य गुरूच्या मतापाशीं थांबेलच असें नाहीं. डेव्हिड स्टार जॉर्डन हे त्यांचे शिष्य पुढें उत्क्रांतिवादी झाले. या जॉर्डननींच बेटावरील वनस्पतींची यादी करून १८७४ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९२३ व १९७३ सालीं अभ्यासकांनीं तेथें पुन्हा पाहणी केली. जुनी यादी हाताशीं असल्यामुळेंच कोणत्या जाति नाहींशा झाल्या, कोणत्या नव्यानें आल्या, मेंढ्यांची चराई थांबल्यावर झुडपें कशीं वाढलीं, हें ताडून पाहतां आलें.

आगासी १८७३ च्या डिसेंबरांत वारले. त्यांचे पुत्र अलेक्झांडर यांनीं आणखी एक उन्हाळा शाळा चालविली आणि मग ती बंद पडली. १८७४ सालीं तेथें शिकलेल्या कॉर्नेलिया क्लॅप १८८८ सालीं जवळच्याच वूड्स होल येथें निघालेल्या सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंत आरंभींच दाखल झाल्या. म्हणजे शाळा बुडाली, पण पाठ बुडाला नाहीं.

दोन उन्हाळ्यांच्या या शाळेस अपयशी म्हणावें काय? गुरूचा सिद्धांत टिकला नाहीं. त्यांनीं लावलेली पाहण्याची संवय मात्र टिकली. किनाऱ्यावरील जीवसृष्टि बदलते, हें केवळ सांगून विद्यार्थ्यास पटत नाहीं. आज जें दिसतें त्याची तारीखवार प्रामाणिक नोंद त्यानें ठेवावी. तिचें मोल पुढच्या पिढीस कळतें.